सुताला मानवते ती हवा

आमच्या शेजारच्या गोपाळराव हेडाऊंना हवेतलं फार कळतं, असं ते स्वतः म्हणत. त्यांची बायको रंभाबाई सोडली तर सगळी गल्ली ते मान्यही करी. रोज सकाळी अंगणात उभं राहून ते खिशातून सुताचा एक धागा काढत, दोन्ही हातांच्या चिमटीत ताणत आणि हलकाच झटका देत. धागा टिकला की मान डोलवायची, तुटला की कपाळाला आठी. "आज हवा कोरडी हाय," असं जाहीर करून मग चहा. आता नागपुरात हवा कोरडी आहे हे कळायला धागा कशाला लागतो? ओठांवरून जीभ फिरवली तरी समजतं. पण हे त्यांना सांगणार कोण? मी सांगायचे. मला राहवत नाही.

माझी सगळी नोकरी बसस्टँडवरच्या तिकीट खिडकीत गेली, त्यामुळे बंद खिडकी पाहिली की माझं डोकं फिरतं. प्रताप नगरातल्या आमच्या दोन घरांच्या मध्ये एक अरुंद बोळ आहे. त्या बोळात गोपाळरावांच्या मागच्या खोलीची खिडकी येते, आणि ती कधी म्हणून उघडत नसे. "गोपाळराव, घर आहे की डबा? उघडा की ती," असं मी कितीदा तरी म्हटलं. त्यांचं उत्तर ठरलेलं. "प्रेमिलाबाई, खिडकी उघडली का नमी भागून जाते." नमी म्हणजे हवेतली ओल. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यांचंही बरोबर होतं म्हणा, त्यांच्या जागी. ते मूळचे खाप्याचे, विणकराच्या घरातले. वडील खड्ड्याच्या मागावर पातळं विणत. विणकराने खड्ड्यात पाय सोडून बसायचं, म्हणजे जमिनीची ओल सुताला लागते, सूत नरम राहतं आणि तुटत नाही. उन्हाळ्यात आई मागाभोवती पाणी शिंपडून दारं लोटून घ्यायची. कोणी दार सताड उघडलं की वडील आतूनच ओरडायचे. त्या घरातल्या पोराच्या डोक्यात पहिलं ज्ञान शिरलं ते हेच, की कोरडी हवा म्हणजे तुटका धागा, आणि तुटका धागा म्हणजे वाया गेलेला दिवस.

पुढे बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत नोकरी लागली, तीही नेमकी हवेत ओलावा राखणाऱ्या विभागात. मोठमोठ्या यंत्रांच्या डोक्यावरून पाण्याचा बारीक फवारा सुटायचा आणि गोपाळराव खालून हात वर करून तो तळव्यावर जोखत फिरायचे. मशीनवरच्या बाया हाक मारायच्या, "गोपाळभाऊ, धागे तुटून राहिले जी!" की हे धावले. रिटायर होईपर्यंत त्यांनी हेच केलं आणि मन लावून केलं. गिरणी सुटली, पण तिथली हवा काही यांच्या डोक्यातून सुटली नाही.

घरात माणसं मोजकी. मुलगा दुर्गेश मिहानमधल्या एका कंपनीत जातो. सून सोनिका जवळच्याच बालवाडीत शिकवते. आणि त्यांची मुलगी खुशी, दुसरीतली. आता खुशीबद्दल काय सांगू? गोपाळरावांचा दिवस तिच्यापासून सुरू व्हायचा आणि तिच्यापाशीच संपायचा. शाळेत सोडणं यांच्याकडे, आणणंही यांच्याकडे. झोपायचीसुद्धा ती आजी-आजोबांजवळ, त्याच मागच्या खोलीत. तिथे दुसऱ्या खिडकीत कूलर बसवलेला. आपल्याकडे पाऊस स्थिरावला की लोक कूलरची टाकी रिकामी करतात, त्याच्यावर ताडपत्री टाकतात. गोपाळराव तो दिवाळीपर्यंत चालवायचे. कूलरच्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या भिजल्या की वास सुरेख यायचा, हे मी नाकबूल करत नाही.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात खुशीला खोकला लागला. लेकरांना लागतो, जातो. हा गेला नाही. सुका, खरखरीत, मिनिट मिनिट चालणारा खोकला. बोळ ओलांडून तो माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा आणि माझा हातातला घास हातात राहायचा. पळाली की खोकला, हसली की खोकला. एकदा शाळेत धाप लागली तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, तोंडाने ओढायचा औषधाचा पंप दिला, आणि विचारलं, "घरात कुठे ओल येते का?"

गोपाळरावांना तो घराचा अपमान वाटला. "आमचा स्लॅब गळत नाही, मॅडम," ते म्हणाले. "पक्कं बांधकाम हाय." विषय संपला.

मग सुरू झाले ते घरचे डॉक्टर. रंभाबाईंनी पोरीचं दही बंद केलं, संत्री बंद केली, पेरू बंद केला. "पंपाची सवय लागते," म्हणत त्या पंपाकडे असं पाहायच्या की जणू दारूची बाटली आहे. आणि गोपाळरावांनी काय केलं? त्यांच्या मते खोकला कोरडा, तेव्हा दोष कोरड्या हवेचा. म्हणून त्यांनी ओलावा वाढवला. हिवाळ्यात कूलर बंद झाल्यावर खोलीत दोरी बांधून भिजवलेली पोती टांगली. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. पोरगी जितकी जास्त खोकली तितकी पोती जास्त भिजली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी एकदा त्या खोलीत शिरले तर अंगावरची साडी जड झाल्यासारखी वाटली.

गेल्या दिवाळीत सोनिका खुशीला घेऊन यवतमाळला माहेरी गेली. तिथे पोरीचा खोकला आपोआप ओसरला. अंगणात उन्हात खेळली, आजीच्या हातचं दही ओरपलं, काही झालं नाही. परत आली आणि त्याच आठवड्यात पुन्हा खोकला. सोनिकाच्या डोक्यात जे आलं ते कोणत्याही आईच्या डोक्यात आलं असतं. तिने सासूला म्हटलं, "आई, हिले इथली हवा मानवत नाही."

रंभाबाई फणकारल्या. "हवेले काहून नाव ठेवतं वं? तुह्या मावशीले दमा होता न? तिकडूनच आलं थे."

मला रंभाबाईंचा तेव्हा राग आला होता आणि आजही येतो.  त्या दिवसापासून सोनिका घरात पाहुण्यासारखी वावरायला लागली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. संक्रांत झाल्यावर तिने ठरवून टाकलं. परीक्षा झाली की खुशीला यवतमाळच्या शाळेत घालायचं, आणि स्वतःही तिकडे राहून काम शोधायचं. दुर्गेशने शनिवार-रविवार यावं. दुर्गेश मुळातच कमी बोलणारा, त्याने मान हलवली. सोनिकाच्या भावाने तिकडे शाळाही पाहून ठेवली.

ते कळल्यावर गोपाळराव खचले. अंगणात येत, धागा काढत, आणि ताणायचं विसरून तसेच उभे राहत. एकदा बोळातल्या भिंतीवरून मला म्हणाले, "पोट्टी गेल्यावर मी सकाळी उठून करू काय, बाई?"  

फेब्रुवारीच्या सुरुवातीची दुपार. मी जवसाची चटणी केली होती, ती द्यायला त्यांच्याकडे गेले. खुशी शाळेत होती. गोपाळराव मागच्या खोलीत आलमारी उघडून बसले होते. खालच्या कप्प्यातून त्यांनी कापडात गुंडाळलेली एक घडी काढली. "माह्या बापानं मागावरून उतरवलेलं शेवटचं पातळ हाय हे," ते म्हणाले. "करवतकाठी. खुशीच्या लग्नासाठी ठेवलं होतं. आता सोनिकाजवळच देऊन देतो. तिकडे राहतीन तर मंग इथं ठेवून काय करू?"

घडी त्यांनी पलंगावर उलगडली. करवतीच्या दात्यांसारखा तो काठ अजून तसाच ताठ होता. पण मधल्या अंगावर काळसर, हिरवट ठिपके. एक पदर उलटला तर खाली आणखी, दाट. आणि वास आला. गोपाळरावांनी पातळ नाकाशी नेलं आणि झटकन लांब केलं. त्यांचा चेहरा पाहून मी चटणीची वाटी खाली ठेवली.

"हा गोदामाचा वास हाय," ते म्हणाले.

मला कळेना. त्यांनी सांगितलं, ते माझ्याकडे न बघता, पातळाकडे बघत. गिरणीत मशीनच्या शेडमध्ये ओलावा लागतो, पण तयार माल जिथे ठेवतात त्या गोदामात ओलावा शिरला की घात होतो. एका पावसाळ्यात शिरला होता. सुताला बुरशी धरली, अख्खा माल काळा पडला. तो माल उपसताना हमाल खोकून खोकून बेजार झाले होते. तेव्हापासून गोदामाची दारं उघडी ठेवायची, पंखे लावायचे, भिंतीला माल टेकवायचा नाही, ही सगळी व्यवस्था याच माणसाने लावली होती. शेडला ओल, गोदामाला ऊन-वारा. हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

ते उठले आणि आलमारीला खांदा लावला. मीही पदर खोचून दुसऱ्या बाजूने ढकललं. लोखंडी आलमारी कुरकुरत पुढे सरकली.

मागची भिंत काळी होती. खालपासून पार कूलरच्या खिडकीपर्यंत काळी, मधे मधे हिरवी, आणि काही ठिकाणी पांढरी लव आलेली, शिळ्या भाकरीवर येते तशी. कूलरच्या टाकीचं पाणी चौकटीखालून थेंब थेंब आत झिरपत होतं. किती वर्षं झिरपत होतं, देव जाणे. दिवाळीला दिसेल तेवढ्या भिंतीवर रंगाचा हात फिरायचा आणि आलमारीमागे बघायची गरज कोणाला वाटली नव्हती. आलमारीला लागूनच खुशीची गादी. तिची उशी त्या भिंतीपासून हातभर अंतरावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

गोपाळराव पलंगावर बसले. "घर गोदामासारखं ठेवाले पायजे होतं, बाई. मी शेडसारखं ठेवलं." मग म्हणाले, "लेकरू म्हणजे सूत थोडीच हाय."

मी त्यांना वर्षानुवर्षं टोमणे मारले होते.  त्या दिवशी मी सरळ ती बंद खिडकी उघडायला गेले. चिंध्या ओढून काढल्या, कडी गंजली होती, ती वरवंट्याने ठोकली. पल्ला उघडला आणि माझ्याच घराची भिंत समोर दिसली, उन्हात न्हालेली.

त्या दिवशी गोपाळरावांना शाळेत जायचं भानच राहिलं नाही, म्हणून सोनिकाच बालवाडीतून येताना खुशीला घेऊन आली. गोपाळरावांनी खुशीला माझ्याजवळ अंगणातच थांबवलं आणि सुनेला आत नेऊन ती भिंत दाखवली. मग रंभाबाईंच्या देखत, स्पष्ट म्हणाले, "सोनिका, पोरीले मी आजारी पाडलं. तुह्या मावशीचं काही नाही, तुह्या माहेरचं काही नाही. हे माह्यं काम हाय."

अंगणात उभ्या उभ्या मला उघड्या दारातून आतलं दिसत होतं. मला वाटलं, आता ही पोरगी बरसणार, आणि बरसली तर तिचा हक्कच होता. ती भिंतीकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि रडायला लागली. "बाबा, मले वाटून राहिलं होतं का माह्यातच खोट हाय," ती हुंदके देत म्हणाली. "माह्याच रक्तातून गेलं लेकराले. रोज वाटे." रंभाबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला. माफी त्यांच्या तोंडून निघाली नाही, ती त्यांच्या स्वभावात नाही. पण हात बराच वेळ तिथेच होता, एवढं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळे डॉक्टरीणबाईंकडे गेले. गोपाळरावांनी मोबाइलवर भिंतीचा फोटो दाखवला. बाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "आजोबा, मी विचारलं होतं तुम्हाला." मग जरा सौम्यपणे, "सगळं यानेच झालं असं मी म्हणणार नाही. पण असल्या खोलीत ही बरी होणार नाही, हे नक्की. पंप आपल्या मनाने बंद करू नका. आधी भिंत बघा."

भिंत बघण्यावरून घरात एक छोटीशी लढाई झालीच. दुर्गेश म्हणाला, एक चांगला वॉटरप्रूफ रंग मारून टाकू. आयुष्यात आवाज न चढवलेले गोपाळराव त्याच्यावर ओरडले, "रंग नाही! रंगाखाली थे जित्तं राह्यते!" खुशीला वर आईवडिलांच्या खोलीत हलवलं. मिस्त्री आला. गोपाळरावांनी त्याला आधी साबणाच्या पाण्याने भिंत भिजवायला लावली, म्हणजे खरवडताना बुरशीची धूळ उडणार नाही. तोंडाला फडकी, खोलीचं आतलं दार बंद, दोन्ही खिडक्या सताड. सगळं प्लास्टर विटेपर्यंत काढलं. कूलर तिथून कायमचा उतरवला. कापसाच्या गाद्या फेकायच्या निघाल्या तेव्हा रंभाबाई आडव्या आल्या. "माह्या लग्नातली गादी हाय थे!"

"लग्न ठेव, गादी फेक," गोपाळराव म्हणाले. मी बोळात उभी होते, मला हसू आवरेना. रंभाबाईंनी माझ्याकडे रागाने पाहिलं आणि मग त्याही हसल्या.

ती उघडी विटांची भिंत तीन-चार आठवडे तशीच सुकत ठेवली. गल्लीतले लोक येऊन बघून जायचे, जसं काही प्रदर्शन भरलंय. आणि गंमत अशी, की घरी गेल्यावर प्रत्येकाने आपापली आलमारी सरकवून पाहिली. मीसुद्धा. माझ्या दिवाणामागे तळहाताएवढा काळा डाग निघाला. तो मी गुपचूप पुसला, त्या कोपऱ्यात आता काही ठेवत नाही, आणि हे इथेच पहिल्यांदा सांगते आहे.

वरच्या खोलीत खुशीचा खोकला हळूहळू उतरत गेला. एकदम नाही. मधे सर्दी झाली तेव्हा सगळ्यांचे चेहरे पुन्हा काळवंडले. पण ती सर्दी सर्दीसारखी आली आणि गेली. डॉक्टरीणबाईंनी पंप कमी केला. नवं प्लास्टर झालं, ते सुकलं, साधा चुना लागला, आणि परीक्षेच्या आधी खुशीने हट्ट धरला की मले आबाजीजवळच झोपायचं. सोनिका घाबरली होती. ती म्हणाली, "आठ दिवस पाहू. नाही तर यवतमाळ ठरलंच हाय." आपलं सगळं त्या आठ दिवसांवर आहे, हे गोपाळरावांना न सांगता समजलं.

पहिल्या रात्रीनंतर सकाळी मी केर काढत होते, तर गोपाळराव अंगणात. धागाबिगा काही नाही, कान खिडकीकडे. रंभाबाई चहा घेऊन आल्या तसं त्यांनी विचारलं, "माहा डोळा लागला होता. खोकली का वं?"

"मी खोकली," रंभाबाई म्हणाल्या. "पोरगी नाही खोकली. मीच दोनदा उठून पाह्यलं तिले. घोरून राहिली मस्त."

गोपाळरावांनी कप हातात घेतला आणि चहा बशीत न ओतता तसाच पिऊन टाकला, जीभ भाजली तरी त्यांना कळलं नसावं. माझा जीव भांड्यात पडला. केर काढायचा राहिला, मी तिथेच पायरीवर बसले.

आठही रात्री अशाच गेल्या आणि पाडव्याला सोनिकाने ते करवतकाठी पातळ नेसलं. धुऊन, उन्हात टाकूनही त्यावर फिकट ठिपके राहिले होते. गोपाळराव म्हणत होते, राहू दे, डागाळलेलं काय नेसतं. ती म्हणाली, "बाबा, डाग राहू द्या. कपडा तं मजबूत हाय." गुढी उभारून झाल्यावर तिने सगळ्यांसमोर यवतमाळला भावाला फोन लावला आणि शाळेचं राहू दे म्हणून सांगितलं. गोपाळराव उठून न्हाणीघरात गेले आणि नळ मोठा सोडला. 

आता एप्रिल आहे. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. कूलर समोरच्या हॉलच्या खिडकीत गेला आहे. त्याच्या समोरची खिडकी उघडी ठेवायची हा गोपाळरावांचा नवा कायदा, आणि कोणी ती लोटली तर ते खाप्यातल्या आपल्या बापासारखे ओरडतात, फक्त उलट कारणासाठी. पाऊस लागला की टाकी रिकामी होणार, हेही त्यांनी मला तीनदा सांगितलं आहे, मी न विचारता.

काल संध्याकाळी खुशी बोळातून धावत गच्चीवर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, आणि धापा न टाकता मला हाक मारून पेरू मागितला. मी दिला. गोपाळराव मागच्या खोलीच्या उघड्या खिडकीत उभे होते. सवयीने त्यांनी खिशातून धागा काढला, दोन्ही चिमटीत ताणला आणि झटका दिला. धागा कट्‌कन तुटला.

"आबाजी, तुटला न!" खुशी पेरू चावत म्हणाली.

त्यांनी दोन्ही हातांतले तुकडे पाहिले. जन्मभर ज्या आवाजाने या माणसाच्या कपाळाला आठी पडली, तो ऐकून ते हसत होते.

"तुटू दे," ते म्हणाले.